दात कशानं घासतेस?

"तंबाखू खातेस का?" नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी प्रत्येक गरोदर बाईला हा प्रश्न विचारला. प्रत्येकीनं मान हलवली, "नाही." मी रजिस्टरमध्ये तसं लिहिलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. त्यातली एकही माझ्याशी खोटं बोलत नव्हती, हे कळायला मला बराच काळ लागला.

मी एएनएम, म्हणजे गावाकडे ज्यांना नर्सबाई म्हणतात त्यातली. १९९१ साली नोकरीला लागले तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही धुळ्यात मोडायचो. १ जुलै १९९८ला जिल्हा झाला, पण माझं काम तेच राहिलं. सातपुड्यातलं एक उपकेंद्र, त्याखालचे डोंगरभर विखुरलेले पाडे, खांद्याला लसीचा डबा आणि पायाखाली चढण. बहुतेक नोकरी धडगावच्या बाजूला, अक्राणी तालुक्यात गेली. काही वर्षं अक्कलकुव्यातल्या मोलगी भागात. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. अजून रस्त्यात पोटुशी बाई दिसली की माझं लक्ष आधी तिच्या दातांकडे जातं.

ज्या दिवशी माझा प्रश्न बदलला, ते मोहाची फुलं वेचायचे दिवस होते. तपासणीला आलेली बाई सात महिन्यांची होती. रक्त कमी, वजन चाळीस किलोच्या आत. तपासून झाल्यावर ती बाहेर झाडाखाली जाऊन बसली, कमरेची पत्र्याची डबी काढली, चिमूटभर काळी पूड तळहातावर घेतली आणि बोटानं हिरड्यांना चोळू लागली. मी दारातच उभी होते. म्हटलं, "अगं, मघाशी तर तंबाखू नाही म्हणालीस!" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तंबाखू पुरुषमाणसं खातात, बाई. ही मिसरी आहे. मी दात घासतेय." ती पावरी बोलीत बोलली, मी मराठीत लिहितेय, पण तिच्या आवाजातलं आश्चर्य मला अजून आठवतं. एवढी शिकलेली बाई आणि मिसरी ओळखत नाही, असंच तिला वाटलं असणार.

त्यानंतर मी विचारायला लागले, "दात कशानं घासतेस?" आणि लगेच पुढचं, "दिवसातून किती वेळा?" पहिल्याचं उत्तर यायचं, "मिसरीनं." दुसऱ्याचं यायचं, "चार वेळा," "पाच वेळा," कधी "मोजलं नाही." दात घासायला दिवसातून पाच वेळा कुणी बसत नाही. तो आकडा स्वतःच्या तोंडून ऐकला की बाई जरा थांबायची. मला पुढचं बोलायला तेवढी जागा पुरायची.

शहरातल्या ज्या वाचकांनी मिसरी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची वाळलेली पानं लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात, फडक्यातून गाळतात आणि डबीत भरून ठेवतात. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, निजताना ती दातांना आणि हिरड्यांना चोळायची आणि बराच वेळ तोंडात धरायची. काही जणी थुंकतात, काही गिळतात. भाजल्यामुळे तंबाखूचा जोर जातो असा सगळीकडे समज आहे. तो खोटा आहे. निकोटिन तिच्यात राहतंच, शिवाय भाजताना बेंझोपायरीनसारखी कर्करोग करणारी रसायनं त्यात भर घालतात. भाजणीचा तो धूर घरातल्या पोरांच्या छातीत जातो तो वेगळाच.

गरोदरपणातलं धूम्रपान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातली सिगारेट ओढणारी बाई येते आणि हा प्रश्न आपल्याकडचा नाही असं वाटतं. २०१६-१७च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. त्यातल्या बहुतेकींच्या तंबाखूला धूर नव्हता. ओढणाऱ्या बाया मी डोंगरात पाहिल्या, नाही असं नाही. चुलीतलं जळकं लाकूड उचलून बिडी पेटवणाऱ्या म्हाताऱ्या मी पाड्यापाड्यावर पाहिल्या, आणि थंडीत शेकोटीजवळ त्यांच्या हातातली बिडी सुनेच्या हातात जातानाही पाहिली. पण बिडी दिसते, तिचा वास येतो. मिसरी दिसत नाही. ती दात घासण्यात लपते.

मला ती परकी नव्हती, हे आता लिहायला हवं.

माझं माहेर शहादा तालुक्यातलं, तापीकाठचं. बारा वर्षांची असताना माझी दाढ दुखायला लागली. आईनं तिची डबी पुढे केली. "लाई दे थोडी, बरं वाटी." लावली आणि खरंच बरं वाटलं. दाढ सुन्न झाली, डोकं हलकं झालं. दाढ पुढे काढून टाकली, डबी राहिली. नर्सिंगच्या वसतिगृहात मी ती पेटीत कपड्यांखाली ठेवायचे. शरीरशास्त्र शिकले, परीक्षा पास झाले, इंजेक्शन द्यायला शिकले, आणि रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मिसरी लावत राहिले. ती तंबाखू आहे हे मला माहीत होतं. तरी "मी तंबाखू खाते" असं वाक्य माझ्या मनात कधी उमटलं नाही. म्हणून त्या झाडाखालच्या बाईला मी कधी दोष दिला नाही.

१९९४ साली माझी पहिली मुलगी महिनाभर आधीच जन्मली. वजन १९०० ग्रॅम. ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथल्या एका सिस्टरांना माझ्या उशाखालची डबी सापडली. भरल्या वॉर्डात त्या मोठ्यानं म्हणाल्या, "स्वतः नर्स आणि पोटच्या पोरीला विष पाजलं." त्या दिवशी मी रोजच्यापेक्षा दुप्पट मिसरी लावली. पुढे कुणा बाईला रागावण्याची वेळ आली की मला तो वॉर्ड आठवायचा आणि मी जीभ आवरायचे. लाजलेली बाई मिसरी सोडत नाही. ती डबी आणखी खोल दडवते आणि पुढच्या तपासणीला येतच नाही.

मुलगी वाचली. आज नोकरी करते, स्वतःच्या पायावर उभी आहे. लहानपणी मात्र दर पावसाळ्यात तिची छाती भरायची आणि रात्र रात्र मी तिला उभी धरून बसायचे. हे सगळं एकट्या मिसरीनं झालं असं मी म्हणणार नाही. माझं रक्तही कमी होतं, आठव्या महिन्यापर्यंत मी डोंगर चढत होते. एका बाळाकडे बोट दाखवून असं कधी सांगता येत नाही. शेकडो बाळं मोजली की मात्र सांगता येतं, आणि ती मोजणी मुंबईत झाली आहे.

डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी मुंबईत तीन ते सात महिन्यांच्या १२१७ गरोदर बायकांची नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. २००४ साली त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. या बायकांपैकी सुमारे १७ टक्के बिनधुराची तंबाखू घेत होत्या, त्यातही मिसरी सगळ्यात जास्त. वय, शिक्षण, परिस्थिती यांचा फरक हिशेबातून वजा केल्यावरही तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि सहा दिवस आधी जन्मली. बत्तिसाव्या आठवड्याच्याही आधी बाळ जन्मण्याची शक्यता त्यांच्यात जवळजवळ पाचपट निघाली. दोन वर्षांनी याच बायकांवरचा दुसरा लेख आला. मूल पोटातच दगावण्याचा धोका तंबाखू घेणाऱ्यांमध्ये अडीचपटीहून जास्त होता.

एका प्रशिक्षणात हे आकडे पहिल्यांदा ऐकले तेव्हा शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "शंभर ग्रॅम? एवढंच?" शंभर ग्रॅम म्हणजे काय ते डोंगरात कळतं. बाळाचं वजन अडीच किलोच्या खाली असलं की ते कमी वजनाचं. आमच्याकडची आई मुळात किडकिडीत, तिचं बाळ बहुतेकदा या रेषेच्या काठावरच असतं. २५५० मधून शंभर गेले की ते रेषेखाली गेलं. आशाताईच्या झोळीच्या काट्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. त्या हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून लाल पट्ट्यात जायला एवढे ग्रॅम पुरतात.

आणि सहा दिवस ही सरासरी आहे. काहींच्या वाट्याला एक दिवसही येत नाही, काहींच्या वाट्याला दोन महिने येतात. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ मुंबईत असेल तर रिक्षानं अर्ध्या तासात काचेच्या पेटीत पोचतं. आमच्याकडे आधी पाड्यावरून झोळी करून आईला रस्त्यापर्यंत आणायचं, मग गाडी, मग चांदसैलीचा घाट. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद. नर्मदेच्या काठावर भूषा, चिमलखेडीकडे तर रस्त्याआधी पाणीच लागतं. तिथं होडीवरचा तरंगता दवाखाना जातो. एवढं करून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात पोचेपर्यंत बाळाचं अंग गार पडलेलं असतं. आईच्या छातीशी उघडं धरून, वरून लुगडं गुंडाळून आणलेली बाळं आम्ही वाचवली आहेत. सगळी नाही वाचवता आली.

आत नेमकं काय होतं ते बायकांना मी शेतीच्या भाषेत सांगायचे. वार म्हणजे बाळाचं शेत, नाळ म्हणजे पाट. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. पाटाला पाणी कमी येतं. बाळाला अन्न कमी, प्राणवायू कमी. निकोटिन स्वतः वारेतून सरळ पलीकडे जातं आणि बाळाच्या रक्तात आईच्यापेक्षाही थोडं जास्त साठतं. बिडीत आणखी एक वाईट गोष्ट आहे, कार्बन मोनॉक्साइड. रक्तात प्राणवायू वाहून नेणारी जी जागा असते ती हा वायू अडवून बसतो. आमच्या भिल्ल आणि पावरा बायकांमध्ये रक्त आधीच कमी, त्यात कित्येक जणी सिकलसेलच्या. ज्या रक्ताला प्राणवायू वाहणं मुळातच जड जातं, त्यावर बिडीचा धूर म्हणजे भरल्या गाडीवर आणखी पोतं.

"बाळ लहान राहिलं तर बरंच की, बाळंतपण सोपं जाईल." हे वाक्य मी किती सासवांकडून ऐकलं याला गणती नाही. मी कधी हसण्यावारी नेलं नाही. ज्या पाड्यावर अडलेली बाई झोळीतच मरताना लोकांनी पाहिली आहे, तिथं हे भयातून येतं. मी एवढंच सांगायचे की बाळाच्या आधी आईचं रक्त आणि ताकद संपते, आणि अशक्त आईचंच बाळंतपण अवघड जातं. तंबाखूनं लहान राहिलेलं बाळ बाहेर आल्यावर चोखायलाही थकतं. त्याला अंग गरम ठेवता येत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो. बाहेर येणं सोपं झालं तरी जगणं अवघड होतं.

आता सोडण्याविषयी, कारण ज्यासाठी लिहायला बसले ते हेच.

विलायतेत १९५८च्या मार्च महिन्यात एका आठवड्यात जन्मलेल्या सगळ्या बाळांची नोंद झाली होती. सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं हलकी भरली हे त्यातही दिसलंच. पण १९७२ साली त्याच नोंदींवरून आणखी एक गोष्ट छापून आली. ज्या आयांनी चौथ्या महिन्याच्या आत सिगारेट सोडली, त्यांच्या बाळांचं वजन कधीच न ओढणाऱ्यांच्या बाळांइतकं होतं. म्हणजे आधीची वर्षानुवर्षांची सवय बाळाच्या वजनात भरून काढता येते. गरोदर बाईला देता येईल अशी इतकी चांगली बातमी माझ्याकडे दुसरी कुठलीच नव्हती.

पण आमच्याकडे चौथ्या महिन्यात बाई भेटायची कुठे? दिवाळी झाली की अर्धा पाडा गुजरातेत. कुणी बारडोलीकडे ऊस तोडायला, कुणी सौराष्ट्रात शेतावर. परत येणार होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराच्या सुमाराला. तोवर पोटातल्या बाळाचे पहिले महिने पालात निघून गेलेले. तिथं पहाटे तीनला उठायचं, दिवसभर मोळ्या डोक्यावर, आणि दुपारच्या भाकरीला उशीर. मिसरी भूक मारते, थकवा मारते. तिला ती खाण्यापेक्षा स्वस्त पडते. या बायकांना मी गाठू शकले नाही याचं मला अजून वाईट वाटतं. त्या जायच्या आधी, दिवाळीच्या आत, नवी लग्न झालेली प्रत्येक मुलगी गाठून सांगायला हवं होतं. आज जे काम करतात त्यांनी तरी ते करावं.

सातव्या महिन्यात परत आलेल्या बाईलाही मी कधी "आता उशीर झाला" म्हटलं नाही, कारण झालेला नसतो. बाळाचं सगळ्यात जास्त वजन शेवटच्या तीन महिन्यांतच वाढतं. बिडीचा वायू दीड-दोन दिवसांत रक्तातून जातो, निकोटिनही दोन-तीन दिवसांत निघून जातं. आज सोडली तर परवा बाळाला जास्त प्राणवायू मिळतोय, हे मी बोटं मोजून दाखवायचे.

गरोदर बाईला सोडणं जास्त अवघड जातं आणि त्याला शरीराचं कारण आहे. या काळात शरीर निकोटिन नेहमीपेक्षा भरभर पचवून टाकतं, त्यामुळे तलफ लवकर लवकर येते. "आधी तीनदा लावायचे, आता सारखीच लागते," असं बाई म्हणाली तर तिचा हावरटपणा म्हणू नका.

मी माझ्या दुसऱ्या खेपेला सोडली, १९९७ साली, तिसरा महिना चालू असताना. पहिले तीन दिवस डोकं ठणकत होतं, नवऱ्यावर विनाकारण खेकसत होते. पण सगळ्यात अवघड होती ती पहाट. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ही मिसरीवाल्या प्रत्येक बाईची तक्रार असते आणि ती खरी आहे; निकोटिन आतड्यांना हलवतं, सवय लागली की आतडी त्याची वाट बघतात. त्यात गरोदरपणात शौचाला कडक होतंच, लोहाच्या गोळ्यांनी आणखी. मी उठल्याउठल्या दोन तांबे कोमट पाणी प्यायचे, रात्री भिजवलेले मनुके किंवा काहीच नसलं तर भाजीचा मोठा वाडगा खायचे. आठ दिवस रडत काढले, नवव्या दिवशी पोटाचं पोटानंच सुरळीत झालं. मळमळीला आमच्या भागात देवानंच औषध दिलंय. धडगाव-मोलगीचा आमचूर, म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या फोडी. एक फोड गालात धरायची. तोंडाला चाळा मिळतो, मळमळ बसते, आणि बोट डबीकडे जायच्या ऐवजी पदराच्या गाठीकडे जातं. पुढे मी कितीतरी बायकांच्या पदराला आमचूर बांधून दिला. काहींना ओवा चालला, काहींना बडीशेप. हिरड्या सुजल्या असतील तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि दंतवैद्य. शहरात मिळणाऱ्या निकोटिनच्या गोळ्या आणि पट्ट्या मात्र गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

डबी फेकायला मी कधी सांगितलं नाही. फेकलेली डबी पुन्हा विकत आणता येते. मी म्हणायचे, "तुझी डबी माझ्याकडे ठेव, बाळ झालं की मागून घे." एका वेळी माझ्या उपकेंद्राच्या कपाटात अकरा डब्या होत्या. त्यातल्या चार परत मागायला आल्या. मी दिल्या. वचन दिलं होतं.

मुलगा पूर्ण दिवसांचा झाला, २७०० ग्रॅम. माझं सोडणं टिकलं ते मात्र माझ्या हिमतीवर नाही. सासूबाई रोज दुपारी मिसरी भाजायच्या आणि तो वास आला की माझे हात थरथरायचे. एक दिवस त्यांनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या तवा घेऊन मळ्यातल्या चुलीवर जायला लागल्या, भर उन्हात. स्वतःची त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. पण माझ्यासमोर त्यांनी पुन्हा कधी डबी उघडली नाही. घरातलं एक माणूस एवढं वागलं तरी बाई निम्मी लढाई जिंकते. आणि उलटही तितकंच खरं. नर्मदेकाठच्या एका पाड्यावर मी एका बाईला तीन वेळा सोडायला लावली आणि तिन्ही वेळा तिच्या नवऱ्यानं शेजारी बसून बिडी पेटवली. मग मी नवऱ्याशी बोलायला लागले. बाईचं पोट तपासताना त्याला आत बोलवायचे, ठोके ऐकायला द्यायचे. ते ऐकल्यावर पुरुषाचा चेहरा बदलतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. त्यानंतर त्याला एवढंच सांगायचं, "बिडी सोडता येत नसेल तर घराबाहेर ओढ. लांब."

सरकारी योजनांपैकी या कामाला सगळ्यात जास्त उपयोग मला एका अशा योजनेचा झाला जिच्या नावात तंबाखू नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. २०१५ साली आदिवासी भागात सुरू झाली. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण. मी जेवणाच्या वेळी मुद्दाम जाऊन बसायचे, कारण जेवून हात धुतले की डब्या निघतात. पोटभर जेवलेल्या बाईला त्या वेळी भुकेसाठी मिसरी लागत नाही, फक्त सवयीसाठी लागते, आणि हे तिलाच तिथं कळतं. एका अंगणवाडीत सेविकेनंच सगळ्यांसमोर स्वतःची डबी बाजूला ठेवली. ती स्वतः वीस वर्षं लावत होती. त्या एका पाड्यावर त्या वर्षी जेवढ्या जणींनी सोडली तेवढ्या माझ्या भाषणांनी दहा वर्षांत सोडली नव्हती.

२०१२ला राज्यात गुटखाबंदी झाली, पुढे पाकिटांवर मोठी चित्रं आली, हे चांगलंच झालं. पण मिसरीची पानं बाजारात सुटी मिळतात. सुट्या पानाला ना वेष्टन, ना चित्र. आठवडी बाजारात मिरच्या आणि मिठाच्या शेजारी त्यांचा ढीग असतो आणि बाई मिठाबरोबरच ती घेते. तिला धोक्याची सूचना देणारं तोंड फक्त आपलं असतं.

बाळ झाल्यावर काम संपत नाही, उलट तेव्हाच बहुतेकींची पुन्हा सुरू होते. रात्रीची जागरणं, कंबर दुखते, सुईण किंवा आजी म्हणते आता लाव. निकोटिन दुधात उतरतं, रक्तातल्यापेक्षा जास्त उतरतं. बाळ चिडचिडं होतं, नीट झोपत नाही, नीट पीत नाही. तरीही एक गोष्ट मी फार जोर देऊन सांगते, कारण इथं अर्धवट ऐकून घोटाळा होतो. मिसरी सुटली नाही म्हणून अंगावरचं दूध बंद करू नका. वरच्या दुधानं आणि गढूळ पाण्यानं आमच्याकडे जास्त बाळं दगावतात. अगदीच राहवलं नाही तर आधी बाळाला पाजा, मग लावा, आणि पुढच्या पाजण्यापर्यंत जास्तीत जास्त वेळ जाऊ द्या. बिडीच्या धुरात निजणाऱ्या तान्ह्या बाळाला न्यूमोनियाचा धोका असतो आणि झोपेतच अचानक दगावण्याचाही. "रात्री चांगलं होतं, सकाळी उठलंच नाही," असं सांगणाऱ्या आईसमोर मी बसले आहे. तिथं काही बोलता येत नाही.

आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात बाळाची काळजी घेऊन जे दाखवून दिलं, त्यातूनच देशभर हे सुरू झालं. त्या भेटीत ती बाळाचं वजन करते, अंग गरम आहे का बघते. तिच्याकडे माझं एक मागणं आहे. बाळ झोळीतून काढल्यावर, निघायच्या आधी, आईला एवढं विचार : "दात कशानं घासतेस?" आणि उत्तर "मिसरीनं" आलं तर रागावू नकोस, खाली बस.

तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८०० ११ २३५६. पैसे पडत नाहीत. पाड्यावर रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी धडगावला, मोलगीला किंवा तळोद्याला उतरल्यावर लावा. बाईला स्वतः बोलायला संकोच वाटत असेल तर नवऱ्यानं लावावा, सासूनं लावावा.